कॉपीराइट मंडळ (भारत)

कॉपीराइट मंडळ हे कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये केंद्र सरकारने स्थापन केलेले अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालय नसूनही वाद ऐकून निर्णय देणारे, मंडळ होते. चोरून छापलेले पुस्तक किंवा परवानगीविना वाजवलेले गाणे यांबद्दलचे भंगाचे दावे त्याच्याकडे कधीच जात नसत; ते दिवाणी न्यायालयांकडेच राहिले. पुस्तक, गाणे अशी एखादी कृती लोकांपर्यंत पोहोचू देण्यास तिच्या कॉपीराइटचा मालक नकार देत असेल किंवा वाजवी अटी मान्य करीत नसेल, तर परवाना द्यायचा का आणि किती मोबदल्यावर, हे ठरवणे हा मंडळाच्या कामाचा गाभा होता.

अध्यक्षपदासाठी उच्च न्यायालयाचा आजी वा माजी न्यायाधीश किंवा त्या पदास पात्र व्यक्ती आवश्यक असे. साक्षीदारांना समन्स काढणे, कागदपत्रे मागवणे, शपथपत्रावर पुरावा घेणे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार मंडळाला होते, मात्र कार्यपद्धती ते स्वतः ठरवू शकत असे. ज्या प्रकरणात सदस्याचा वैयक्तिक हितसंबंध असेल, त्याच्या सुनावणीत त्याला भाग घेता येत नसे.

प्रकाशित कृतीचे पुनःप्रकाशन मालकाने नाकारल्यामुळे ती लोकांना मिळेनाशी झाली, तर कलम ३१ खाली सक्तीचा, म्हणजे मालकाच्या संमतीविनाही मिळणारा, परवाना देता येई. पहिल्या प्रकाशनानंतर ७ वर्षांत एखाद्या भाषेत भाषांतर निघाले नसेल, तर त्या भाषेपुरता भाषांतराचा परवाना कलम ३२ खाली मिळे. हक्क विकून बसलेल्या लेखकासाठी कलम १९-क विशेष मोलाचे होते, कारण हस्तांतराच्या अटी त्याच्यावर जाचक असल्याचे पटल्यास मंडळ ते रद्द करू शकत असे, फक्त हस्तांतरापासून ५ वर्षे उलटलेली असावी लागत. कॉपीराइटच्या सरकारी नोंदवहीतील दुरुस्ती आणि ती नोंदवही सांभाळणाऱ्या निबंधकाच्या आदेशांवरील अपिलेही मंडळाकडेच होती.

मंडळाचे नाव गाजले ते खासगी एफएम वाहिन्या आणि संगीत कंपन्या यांच्या स्वामित्वशुल्काच्या (रॉयल्टीच्या) वादामुळे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रसारणासाठीही सक्तीचा परवाना देता येतो हे मान्य केले, आणि २०१० मध्ये मंडळाने वाहिनीच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के हा दर ठरवला, जो संगीत कंपन्यांना अर्थातच फार कमी वाटला. वाद चालू असताना अंतरिम परवाना देण्याचा अधिकार मात्र मंडळाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम ३१-ड आले: प्रसारकाने पूर्वसूचना द्यावी आणि मंडळाने ठरवलेल्या दराने पैसे भरावेत, मालकाची संमती लागणार नाही. इंटरनेटवरील गाण्यांच्या सेवा या कलमात बसत नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

२०१७ मध्ये मंडळाचे काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे सोपवले गेले, पण तेथेही पदे वारंवार रिक्त राहिली, आणि दर ठरवणारी यंत्रणाच अपुरी असेल तर कलम ३१-डसारखी तरतूद कागदावरच राहते. २०२१ मध्ये तेही मंडळ रद्द झाले. त्यानंतर परवाने, दर व हस्तांतराचे वाद वाणिज्यिक न्यायालयांकडे गेले, तर नोंदवहीतील दुरुस्ती आणि निबंधकाविरुद्धची अपिले उच्च न्यायालयांकडे आली.