सदोष प्रेषक-पत्ता (ई-मेल)

सदोष प्रेषक-पत्ता : ई-मेलच्या ठरलेल्या व्याकरणात न बसणारा, आणि म्हणून संगणकाला खात्रीने वाचता न येणारा, पाठवणाऱ्याचा पत्ता. त्यात '@' हे चिन्ह नसते किंवा दोनदा आलेले असते, डोमेनचा ('@' नंतरचा) भाग गळालेला असतो, टिंबापुढे टिंब येते, किंवा कोनी कंस (< >) उघडून मिटायचा राहिलेला असतो. असा पत्ता असलेला प्रत्येक मेल स्पॅम नसतो. कार्यालयातला स्कॅनर, पगारपत्रके पाठवणारी जुनी प्रणाली, घाईत जोडलेला वेब-फॉर्म यांच्याकडूनही असे पत्ते सर्रास बाहेर पडतात. त्यामुळे नको असलेला मेल अडवणाऱ्या फिल्टरला पत्ता मोडका आहे एवढे ओळखून भागत नाही. तो मोडका पत्ता पुढचा प्रोग्रॅम कसा वाचेल, याचाही अंदाज घ्यावा लागतो आणि खरी अडचण तिथेच आहे.

दोन पत्ते : एकाच मेलला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. पहिला पाकिटावरचा. एक सर्व्हर दुसऱ्याला 'मेल फ्रॉम' ही आज्ञा देताना तो सांगतो, आणि मेल पोचला नाही तर त्याची खबर त्या पत्त्यावर जाते. दुसरा आतल्या पत्राच्या माथ्यावरचा, 'फ्रॉम' या ओळीतला. वाचणाऱ्याला दिसतो तो हाच. पहिल्याचे नियम आरएफसी (इंटरनेटचे नियम सांगणारे क्रमांकित दस्तऐवज) ५३२१ मध्ये आणि दुसऱ्याचे आरएफसी ५३२२ मध्ये आहेत. दोन्ही दस्तऐवज २००८ चे असून त्यांचे मूळ १९८२ च्या आरएफसी ८२१ आणि ८२२ मध्ये आहे. हे दोन पत्ते सारखेच असले पाहिजेत असे कुठेही म्हटलेले नाही.

पाकिटावरचा पत्ता : याची तपासणी मेलचा मजकूर येण्याआधीच होते. व्याकरण चुकले असेल तर सर्व्हर ५०१ किंवा ५५३ हा क्रमांक देऊन तिथल्या तिथे नकार देतो. पत्ता नीट लिहिलेला आहे पण त्यातले डोमेन डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, सापडत नाही, अशा वेळी पोस्टफिक्स या मेल-सर्व्हर प्रोग्रॅममधला तपासणीचा नियम मूळ मांडणीनुसार (व्यवस्थापकाने काही बदलले नसेल तर) ४५० हा तात्पुरता नकार देतो. डीएनएसच काही काळ बंद असेल तर चांगला मेल हातचा जाऊ नये, हा त्यामागचा विचार. सेंडमेल या दुसऱ्या मेल-सर्व्हर प्रोग्रॅमने १९९८ मधल्या ८.९ या आवृत्तीपासून न सापडणाऱ्या डोमेनचे पत्ते नाकारणे हीच मूळ मांडणी केली. त्याआधी काहीही लिहिलेले खपून जाई.

नकार दारातच द्यायचा याला व्यावहारिक कारण आहे. एकदा मेल स्वीकारला की तो पोचवण्याची किंवा न पोचल्याचे कळवण्याची जबाबदारी घेणाऱ्या सर्व्हरवर येते, आणि परतीचा पत्ताच मोडका असेल तर कळवणार कोणाला? पत्ता मोडका नसून बनावट असेल तर स्थिती आणखी वाईट. परतीचा मेल अशा माणसाकडे जाऊन पडतो ज्याने काही पाठवलेलेच नसते.

एक रिकामा पत्ता मात्र सदोष धरायचा नसतो. दोन कोनी कंसांत काहीही न लिहिलेला पत्ता ही परतीच्या मेलची अधिकृत खूण आहे. न पोचल्याची खबरच पोचली नाही तर तिचीही खबर, अशी साखळी सुरू होऊ नये म्हणून ती ठेवलेली आहे. उत्साही व्यवस्थापक रिकामा प्रेषक म्हणजे स्पॅम असे समजून तो सरसकट अडवतात आणि मग आपल्याच लोकांना त्यांचे मेल परत आल्याचे कळत नाही.

कडकपणा किती असावा, यावर जुना वाद आहे. स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचे स्वीकारताना उदार राहा, हे इंटरनेटचे सुरुवातीचे नियम लिहिणाऱ्यांपैकी एक, जॉन पोस्टेल यांचे १९८० चे सूत्र इंटरनेटच्या पहिल्या पिढीने शिरोधार्य मानले. पोस्टफिक्स अजूनही कोनी कंस विसरलेला पत्ता चालवून घेते. कडक तपासणीचा पर्याय त्यात आहे, पण मुळात तो बंद ठेवलेला असतो. या उदारतेला जपानमध्ये चांगलेच कारण मिळाले. तिथल्या एनटीटी डोकोमो आणि एयू या मोबाइल कंपन्यांनी ग्राहकांना लागोपाठ दोन टिंबे असलेले किंवा '@' च्या अगदी आधी टिंब असलेले पत्ते घेऊ दिले. अवतरणचिन्हांत न घातलेले असे पत्ते नियमांत बसत नाहीत, पण त्यामागची माणसे खरी होती. नियमावर बोट ठेवणाऱ्या प्रणालींना त्यांचे मेल घेताही येईनात आणि त्यांना पाठवताही येईनात.

'फ्रॉम' ओळ : इथे चुका जास्त, आणि बहुतेक निरुपद्रवी. 'आडनाव, नाव' असे लिहून त्याभोवती अवतरणचिन्हे घातली नाहीत, की स्वल्पविरामाशी ओळ तुटते आणि प्रोग्रॅमला एकाऐवजी दोन पत्ते दिसतात. त्यातला पहिला अर्थातच मोडका. नावाआधीच्या उपाधीतले टिंब १९८२ च्या नियमांनुसार अवतरणचिन्हांशिवाय चालत नव्हते. आता वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ते सोसावे अशी सवलत आहे.

अशा चुकांवर एकदम नकार न देता फिल्टर गुण मोजतात. स्पॅमअसॅसिनमध्ये प्रत्येक खुणेला काही गुण असतात, बेरीज मूळ मांडणीनुसार ५ झाली की मेल स्पॅम ठरतो. 'फ्रॉम' ओळीत सांकेतिक रूप न दिलेली (साध्या रोमन चिन्हांत न बदललेली) अक्षरे फार असणे ही अशीच एक खूण. आरस्पॅमडीही अवैध 'फ्रॉम' आणि एकाहून अधिक 'फ्रॉम' यांची वेगळी नोंद करते. अमाविस 'बॅड हेडर' असा स्वतंत्र वर्ग लावते आणि पुढे काय करायचे ते व्यवस्थापकावर सोडते. जीमेल जास्त करडे आहे : 'फ्रॉम'मध्ये वैध पत्ता नसेल किंवा अनेक पत्ते असतील तर ५५० क्रमांकाने मेल परत जातो.

दुरुस्तीचा मोह : चूक दिसली की ती सुधारून मेल पुढे पाठवावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पूर्वी सर्व्हर तसे करतही. डोमेन नसलेल्या पत्त्याला स्वतःचे डोमेन जोडून देत. परिणाम असा की बाहेरून आलेला कोणीतरी 'अकाउंट्स' एवढेच लिहून पाठवी आणि आत वाचणाऱ्याला तो आपल्याच कंपनीचा लेखाविभाग वाटे. पोस्टफिक्सने २.२ या आवृत्तीपासून बाहेरच्या मेलच्या शीर्षभागाला हात लावणे मूळ मांडणीत थांबवले. दुसरी अडचण सहीची. डीकेआयएम या, पाठवणाऱ्या डोमेनच्या नावे केलेल्या डिजिटल सहीत 'फ्रॉम' ओळ समाविष्ट असावीच लागते; तिच्यात एक अक्षर बदलले तरी सही मोडू शकते. आपल्याच वापरकर्त्याने पाठवायला दिलेला मेल पहिल्याच सर्व्हरवर दुरुस्त करणे मान्य आहे. वाटेतल्या सर्व्हरने ते करू नये.

वाचनातला फरक : सर्वांत धोकादायक पत्ता तो, जो फिल्टर एका रीतीने वाचतो आणि मेल दाखवणारा प्रोग्रॅम दुसऱ्या. डीमार्क ही, मेल खरोखर दाखवलेल्या डोमेनकडूनच आला का हे पाहणारी तपासणी 'फ्रॉम' ओळीतल्या डोमेनवर उभी आहे. ओळ दोनदा आली आणि फिल्टरने पहिली तपासली, वाचकाला मात्र दुसरी दिसली, तर तपासणी खरी ठरूनही फसवणूक होते. डिसेंबर २०१७ मध्ये उघड झालेल्या 'मेलस्प्लॉइट'मध्ये हीच फट वापरली होती. पत्त्याच्या '@' आधीच्या भागात सांकेतिक रूपात एक पूर्ण पत्ता आणि त्यामागे शून्य-बाइट (अनेक प्रोग्रॅम ज्याला मजकूर संपल्याची खूण मानतात तो बाइट) दडवलेला असे. पत्त्याच्या आत सांकेतिक शब्द मुळात चालतच नाहीत, तरी अनेक मेल-ॲप तो उलगडत आणि शून्य-बाइटपाशी थांबत. वापरकर्त्याला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा पत्ता दिसे, तर सर्व्हरने तपासलेले डोमेन हल्लेखोराचे आणि सर्व बाबतीत वैध असे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याच जातीच्या १८ युक्त्या मांडल्या गेल्या. म्हणून दोन अर्थ निघू शकणाऱ्या 'फ्रॉम' ओळीला सरळ नकार द्यावा, याकडे आता कल आहे. या एका बाबतीत पोस्टेल यांचे सूत्र बाजूला ठेवणेच शहाणपणाचे.

देवनागरी नावे आणि पत्ते : मराठी नाव 'फ्रॉम' ओळीत जसेच्या तसे टाकले तर जुन्या नियमांनुसार ती ओळ सदोष ठरते. नाव आरएफसी २०४७ प्रमाणे सांकेतिक शब्दात बदलावे लागते आणि असा एक शब्द ७५ चिन्हांहून मोठा चालत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. बाइट साध्या रोमन चिन्हांत लिहिणाऱ्या बेस-६४ रूपात अशा एका सांकेतिक शब्दात ४५ बाइट मावतात. 'महाराष्ट्र राज्य' या दोनच शब्दांचे ४६ बाइट होतात. चिन्हांकडे न पाहता ४५ बाइटवर कात्री लावणारा प्रोग्रॅम शेवटच्या 'य'चेच दोन तुकडे करतो. हेही नियमबाह्य आहे आणि अशा नावाच्या जागी वाचणाऱ्याला चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात.

पत्ताच देवनागरीत असेल तर गोष्ट वेगळी. '.भारत' हे डोमेन २०१४ मध्ये खुले झाले; मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक भाषांना ते चालते. '@' च्या दोन्ही बाजूंना देवनागरी असलेल्या पत्त्यासाठी २०१२ चा आरएफसी ६५३१ लागू होतो. पाठवणाऱ्या सर्व्हरने 'मेल फ्रॉम' आज्ञेत तसे स्पष्ट सांगायचे असते. न सांगता देवनागरी पत्ता पाठवला तर तो नाकारणाऱ्या फिल्टरला दोष देता येत नाही. मात्र घेणाऱ्या सर्व्हरला ही सोयच नसेल तर पत्ता रोमनमध्ये बदलून मेल पुढे नेण्याची तरतूद नियमात नाही आणि मेल परत येतो. देवनागरी पत्ता वापरणाऱ्याला त्यामुळे जोडीला एक रोमन पत्ताही ठेवावा लागतो.