पाण्याने थंड होणारी ९११ ‘खरी’ नाही?

पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारची हवेने थंड होणारी ९९३ ही पिढी म्हणजे शेवटची खरी ९११, त्यानंतर आलेल्या ९९६ या पिढीने इंजिन थंड करायला पाणी घातलं, वजन वाढवलं आणि गाडीचा आत्माच घालवला, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ९९३ मलाही फार आवडते, पण हे बरोबर नाही.

आधी वजन. साधी कॅरेरा, म्हणजे ९११चं मूळ मॉडेल, घेतली तर ९९३ भरते सुमारे १३७० किलो आणि ९९६ सुमारे १३२०. म्हणजे रेडिएटर, पाणी, नळ्या सगळं धरूनही नवी गाडी हलकी. इंजिन ३.६वरून ३.४ लिटरवर आलं, तरी ताकद सुरुवातीच्या ९९३च्या २७२वरून ३०० अश्वशक्तीवर गेली.

हे जमलं कसं? सिलिंडर हेडजवळ, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणापाशी, बघा. ९९३मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) आहेत, ९९६मध्ये चार, म्हणून तिचं इंजिन जास्त मोकळा श्वास घेतं. पण चार बसवले की त्यांच्यामधल्या अरुंद धातूत उष्णता कोंडते, आणि ती ओढून न्यायला नुसती हवा पुरत नाही. पोर्शेने आधीच्या ९५९ या गाडीत चार व्हॉल्व्ह घातले तेव्हाच हेडला पाणी दिलं होतं. शिवाय धूर आणि आवाजाचे नियम कडक होत चालले होते. आणि ‘हवेवरच्या’ ९९३चंही इंजिन थंड करण्याचं बरंचसं काम तेल करतं. तिच्या उजव्या पुढच्या चाकापुढे चक्क ऑइल कूलर आहे!

९९६च्या आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगची) बिघडण्याची तक्रार मात्र खरी आहे. पण तो दोष बेअरिंगचा, पाण्याचा नव्हे. त्याच पिढीच्या जीटी३ आणि टर्बो या मॉडेल्सची इंजिनंही पाण्यानेच थंड होतात, त्यांची रचना वेगळी आहे आणि त्यांना हा त्रास नाही.