कुबट वास नेमका कशाचा?

बरेच दिवस बंद असलेल्या खोलीचं दार उघडलं की आधी येतो तो कुबट वास. डाग दिसेलच असं नाही. कपाटामागे किंवा फरशीखाली ओल धरलेली असते, तिथे बुरशी वाढते आणि वाढता वाढता काही बाष्पनशील, म्हणजे सहज वाफ होणारी, रसायनं हवेत सोडते. त्यांतलं एक म्हणजे १-ऑक्टेन-३-ऑल. मशरूमचा खास वास याचाच. (डासही याच्याकडे खेचले जातात, म्हणून काही सापळ्यांत ते आमिष म्हणून वापरतात.)

बुरशी म्हटलं की आपण घाबरतो ते बीजाणूंना. पण बीजाणू, म्हणजे बुरशी ज्यांतून पसरते ते, कण असतात, बहुतेक २ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि चांगला मास्क ते अडवतो. वर सांगितलेली रसायनं मात्र वायुरूप असतात, ती त्यातून आरपार जातात. २००५ साली कॅटरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या पाण्याखाली गेलेल्या घरात बुरशीतज्ज्ञ जोन बेनेट नमुने घ्यायला शिरल्या, त्या मास्क लावूनच. तरी त्यांना गरगरलं, डोकं दुखलं. बुरशीच्या घरामुळे माणसं आजारी पडतात, यावर तोवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता! पुढे रटगर्स विद्यापीठात त्यांच्या गटाने फळमाश्यांना याच १-ऑक्टेन-३-ऑलच्या वाफेत ठेवलं. माश्यांच्या मेंदूतलं डोपामाईन (हालचालींवर ताबा ठेवायला लागणारं रसायन) घटलं, हालचाली कंपवातासारख्या (पार्किन्सनसारख्या) बिघडल्या. हा शोधनिबंध २०१३चा.

यावरून 'ओलीमुळे कंपवात' असा मथळा देणं मात्र चूक. माशी म्हणजे माणूस नव्हे, आणि घरातल्या हवेत हे रसायन प्रयोगातल्यापेक्षा फारच विरळ असतं. स्वयंसेवकांना दर घनमीटरला १० मिलिग्रॅम इतकं हे रसायन असलेल्या हवेत दोन तास बसवलं, तेव्हा डोळे, नाक, घसा थोडा चुरचुरला. घरात प्रमाण सहसा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत, मोजावं लागतं.

ठोस पुरावा आहे तो दम्याबाबत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शिकेनुसार ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा, खोकला, छातीतली घरघर जास्त आढळते. यात दोष बीजाणूंचा किती, वायूंचा किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणूनच संघटनेने सुरक्षित मर्यादेचा आकडा दिलेला नाही. त्यामुळे हवेची महागडी तपासणी करून हाती फारसं काही लागत नाही, असं माझं मत. त्यापेक्षा गळती शोधावी आणि भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवावी. नुसतं जंतुनाशक फवारून भागत नाही, घासून काढावं लागतं; मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होते.