स्वातीची सर आणि द्राक्षाचा फुलोरा : नाशिकच्या हवामान अंदाजाची पार्श्वभूमी

‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात आता कोणी कौतुकाने म्हणत नाही. सूर्य स्वाती नक्षत्रात येतो साधारण 24 ऑक्टोबरला आणि मुक्काम असतो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जिरायती ज्वारी-हरभऱ्याला या दिवसांतला एक चांगला पाऊस मिळाला की अर्धं पीक हाती आल्यासारखं. पण नेमक्या याच दिवसांत निफाड-दिंडोरीतल्या बागा गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उरकून पोंग्यात (नव्या फुटीत) नाहीतर फुलोऱ्यात आलेल्या असतात. तिथे स्वातीची सर आली की गळ, घडकूज आणि डाउनी नावाचा बुरशीसारखा रोग. पाऊस एकच, पण शेजारच्या दोन बांधांवर त्याचे निकाल दोन. अंदाज देणारी सरकारी यंत्रणा उभी राहिली ती ‘पाऊस कधी येणार’ असं विचारणाऱ्या शेतकऱ्यासाठी. इथला बागायतदार मात्र कित्येक वर्षं ‘उघडीप किती दिवस मिळणार’ हे विचारतोय. नाशिकच्या हवामान अंदाजाची बरीचशी गोष्ट या दोन प्रश्नांमधल्या ओढाताणीची आहे.

त्यात जिल्हाही सरळ नाही. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हाही भाताचा, पावसाचा मुलूख. घाट ओलांडून ढग पूर्वेला सरकले की ते रिकामे होत जातात. निफाड, सिन्नर, येवला, नांदगाव या भागात 500-600 मिलिमीटरवर वर्ष काढावं लागतं. इगतपुरीत भात आवणाची (लावणीची) चिखलणी चालू असताना येवल्यात दुबार पेरणीची चर्चा, हे चित्र इथे नवं नाही. ‘नाशिक जिल्ह्यात मध्यम पाऊस’ एवढ्या वाक्याने 15 तालुक्यांपैकी कोणाचंच काम भागत नाही.

सरकारी खातं येण्याआधी अंदाज पंचांगात होता, आणि तो अजून गेलेला नाही. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नक्षत्रं, पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’, आणि प्रत्येक नक्षत्राला एक वाहन. वाहन काढायची रीत सोपी आहे. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं आणि बाकी पाहायची. एक उरला तर घोडा, दोन उरले तर कोल्हा, तीनला बेडूक; पूर्ण भाग गेला तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे पाणी भरपूर. या गणितात समुद्र, वारा, हवेचा दाब कुठेच येत नाही, त्यामुळे त्याला अंदाज म्हणणं अवघड आहे. नक्षत्रांचं कॅलेंडर मात्र उपयोगी होतं आणि आहे. पेरणी, आंतरमशागत, काढणी यांना तेरा-चौदा दिवसांचे कप्पे मिळाले, आणि कोणत्या कप्प्यात पाऊस चुकला तर काय पेरायचं हे पिढ्यांच्या अनुभवातून ठरत गेलं. आजही बांधावरचं बोलणं ‘आर्द्रा कोरडी गेली’ असंच असतं. जूनच्या चौथ्या आठवड्याचं नाव तिथे कोणी काढत नाही.

भारतीय हवामान खातं 1875 साली स्थापन झालं. त्यामागे वादळं होती आणि दुष्काळही. लगेच 1876 ते 1878 असा भीषण दुष्काळ पडला आणि पुढचा पावसाळा कसा असेल हे आधी कळायला हवं, ही निकड सरकारला पटली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा अदमास बांधायला सुरुवात केली. 1886 साली असा अंदाज पहिल्यांदा अधिकृतपणे जाहीर झाला. 1904 पासून वीस वर्षं खातं सांभाळणारे गिल्बर्ट वॉकर यांनी पॅसिफिक महासागरावरच्या हवेच्या दाबाशी आपल्या पावसाचं नातं जोडलं. आज एल निनोचं नाव काढलं की कांद्याचा व्यापारीही कान टवकारतो, त्याचं मूळ त्या आकडेमोडीत आहे. पण हे सगळे अंदाज देशभराच्या, संपूर्ण हंगामाच्या पावसाचे. चांदवडच्या शेतकऱ्याला त्यातून मिळायचं ते फार तर ‘यंदा बरं दिसतंय’ एवढंच.

खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. 1932 मध्ये तिथेच कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली. पिकाच्या उंचीवरची हवा, जमिनीचं तापमान, दव अशा गोष्टी मोजायला सुरुवात झाली. 1945 पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमीपत्रं लागू लागली आणि ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ ही भाषा घरोघरी पोचली. या शब्दांची पुष्कळ टिंगल झाली, पण प्रत्येकाला ठरलेलं माप आहे. त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’, निम्म्यापर्यंत ‘काही’, पाऊण हिश्शापर्यंत ‘बऱ्याच’. आपलं गाव त्या पाव हिश्शात आहे की नाही, हे मात्र बातमीपत्र सांगत नव्हतं.

तोवर नाशिकचं पीक बदलायला लागलं होतं. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी 1925 मध्ये द्राक्षाची बाग लावली, तिथून या भागातल्या द्राक्षशेतीची सुरुवात मानतात. दारणा धरण, नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आणि नंतर गंगापूर धरण यांनी पाण्याची सोय केली. पुढे थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात आली, निर्यात आली, आणि एकरी खर्च लाखांत गेला. द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. दुसऱ्या छाटणीपासून काढणीपर्यंतचे चार-पाच महिने आभाळ स्वच्छ हवं. डाउनीचा बीजाणू पानावर रुजायला पाणी लागतं. रात्रभर पान ओलं राहिलं आणि हवा ना थंड ना गरम अशी असली, की काही तासांत लागण होते. डाग दिसतात ते नंतर. म्हणून ढगाळ हवेत, पावसाचा थेंब नसतानाही, औषध फवारणारा ब्लोअर रात्री बागेत फिरताना दिसतो. ओलावा किती तास टिकणार, सकाळी धुकं पडणार का, फवारणीनंतर औषध धुऊन जाणार का, असे हे प्रश्न. मिलिमीटरमधल्या अंदाजात त्यांची उत्तरं नसतात.

थंडीचीही तीच तऱ्हा. निफाडचा पारा दरवर्षी बातमीत असतो, कारण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात त्याची रोज नोंद होते. उघडा मुलूख, कोरडी हवा, निरभ्र रात्र आणि उत्तरेकडून येणारा वारा अशी जुळणी झाली की जमीन भराभर उष्णता सोडते. खुद्द नाशिकमध्ये 7 जानेवारी 1945 रोजी 0.6 अंश सेल्सिअसची नोंद आहे. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षात मण्यांची फुगवण थांबते आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडला की हिरव्या वाणात ‘पिंक बेरी’ होते, म्हणजे मणी गुलाबी पडतात. अशा वेळी पहाटे तीन-चारला बागेच्या कडेने पालापाचोळ्याच्या शेकोट्या पेटतात, धूर बागेवर रेंगाळावा म्हणून. कोणी ठिबक सोडून जमीन ओली ठेवतो. पारा किती वाजता घसरेल हे आदल्या संध्याकाळी कळलं तरच याचा उपयोग.

नोव्हेंबर 2009 मध्ये फयान चक्रीवादळ आलं. ते कोकण किनाऱ्यावर धडकलं, पण त्याच्या पावसाने ऐन फुलोऱ्यातल्या नाशिकच्या बागा झोडपल्या. त्यानंतरच्याच हंगामात युरोपने क्लोरमेक्वाटच्या अंशावरून भारतीय द्राक्षं अडवली. हे संजीवक वाढ रोखण्यासाठी वापरतात, पावसाशी त्याचा थेट संबंध नाही. पण त्या झटक्याने ‘किती दिवस आधी काय फवारलं’ याचा हिशेब काटेकोर झाला, आणि पाऊस पडला की फवारण्या वाढतात, फवारण्या वाढल्या की रेसिड्यूची, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची धास्ती, हे चक्र सगळ्यांना उमगलं. अंदाज हा आता औषधाच्या बिलाचा आणि निर्यातीचा कंटेनर पास होण्याचा विषय झाला. पुढे फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट, 2019 चा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला न थांबणारा पाऊस, 26 नोव्हेंबर 2023 ची गारपीट. 2025 मध्ये तर मे महिन्यातच पावसाने मुक्काम ठोकला. शेतात काढून ठेवलेला उन्हाळ कांदा भिजला आणि खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होण्याच्या काळात ऊनच मिळालं नाही.

यंत्रणा या मागणीच्या मागे धावत राहिली. 1976 मध्ये राज्यांच्या कृषी खात्यांबरोबर कृषी सल्ला सुरू झाला, 1991 पासून कृषी-हवामान विभागवार, आणि 2008 पासून जिल्हावार. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी पाच दिवसांच्या अंदाजाची पत्रिका नाशिकसाठी तयार होते ती इगतपुरीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्यात ओल्या तालुक्यात. त्यात निफाडच्या द्राक्षाचा सल्लाही असतो, हे तिथल्या लोकांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. 2018 नंतर देशात कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं निघाली आणि 2024 मध्ये ती बंदही झाली. हा निर्णय मला उफराटा वाटतो. अंदाज बारीक होत असताना तो पिकाच्या भाषेत सांगणारा माणूसच कमी केला. ती पोकळी व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डनी भरली, त्यात जाणकारही आहेत आणि तारखेसकट पाऊस वाटणारेही.

शहरातल्या बागप्रेमींना या सगळ्यात कोणी विचारात घेतलं नाही. गोदावरीला पाणी किती आलं ते दुतोंड्या मारुतीकडे बघून ठरवणारं हे शहर गच्चीवरच्या कुंडीसाठी मात्र शेतकऱ्याचीच पत्रिका वाचतं. गुलाबावरची भुरी नावाची बुरशीही ढगाळ, दमट हवेतच फोफावते, तेव्हा द्राक्षाच्या सल्ल्यातलं निम्मं त्यांच्या कामाचं असतंच.

राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांची नोंद आता मंडळात होते आणि फळपीक विम्याची भरपाई तिच्यावर ठरते. मंडळ म्हणजे दहा-वीस गावं. केंद्र एका गावात, ढगफुटी दुसऱ्या गावात, असं झालं की वाद ठरलेला. गारा तर ही केंद्रं मोजतच नाहीत. गारपिटीसाठी वेगळा हप्ता भरून जादा विमा घ्यावा लागतो. ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायत पातळीवर अंदाज मिळू लागला आहे. मे 2025 मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केलेली 6 किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी प्रणाली सुरू झाली. आधी ही चौकट 12 किलोमीटरची होती. 6 किलोमीटर म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या आसपास दोन-तीन शिवारं. त्या शिवारांत अर्ली (लवकर केलेल्या) छाटणीची बाग, कांद्याचं रोप आणि सोंगणीला आलेलं सोयाबीन एकाच वेळी उभं असतं, आणि तिघांच्या मालकांना त्या आठवड्यात हवा असलेला पाऊस वेगवेगळा असतो.