ठिपके असतील, तर तो निळा देवमासा नव्हे

जाळ्यात अडकलेलं अजस्र धूड, पाठीवर पांढरे ठिपके आणि खाली मजकूर: ‘कोकणात निळा देवमासा सापडला!’ असा फोटो अधूनमधून व्हॉट्सॲपवर येतो आणि दर वेळी जीव तुटतो. तो निळा देवमासा नसतोच. ती असते व्हेल शार्क, आपल्या मोरी-मुशीच्या कुळातली, जगातला सर्वांत मोठा मासा. निळ्या देवमाशाच्या मात्र फक्त नावातच ‘मासा’ आहे. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी.

ओळखायचं तर आधी शेपूट बघा. व्हेल शार्कचं शेपूट उभं, डावी-उजवीकडे हलणारं. देवमाशाचं आडवं, वर-खाली हलणारं. शार्कच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना पाच-पाच कल्ल्यांच्या फटी असतात. देवमाशाला कल्लेच नाहीत. त्याच्या नाकपुड्या डोक्यावर असतात, आणि वर येऊन त्यानं श्वास सोडला की ९ मीटरपर्यंत फवारा उडतो. व्हेल शार्क बहुधा १२ मीटरच्या आतबाहेर असते. अंटार्क्टिकातला निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो. आपल्याकडचे त्याहून लहान.

दोघंही बारीकसारीक जीव गाळून खातात, म्हणून गोंधळ वाढतो. पण पिल्लांकडे पाहिलं की वाटा साफ वेगळ्या. १९९५ साली तैवानजवळ मारलेल्या एका व्हेल शार्कच्या पोटात सुमारे ३०० पिल्लं निघाली होती. निळ्या देवमाशाची मादी दोन-तीन वर्षांतून एकदा, एकाच पिल्लाला जन्म देते. ते जन्मतःच सुमारे ७ मीटर लांब असतं आणि आईच्या दुधावर दिवसाला ९० किलोपर्यंत वजन धरतं. एवढ्या मायेनं, एवढ्या सावकाश वाढणारा हा जीव माणसानं किती झपाट्यानं मारला! विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात साडेतीन लाखांच्या आसपास. १९६६ मध्ये जगभर बंदी आली. त्याच दशकात सोव्हिएत जहाजांनी हिंदी महासागराच्या उत्तर भागात सुमारे १,३०० निळे देवमासे मारले. खरे आकडे सोव्हिएत संघ कोसळल्यावर बाहेर आले. इथले देवमासे थंड ध्रुवीय समुद्राकडे न जाता वर्षभर याच उबदार पाण्यात राहतात, त्यामुळे तो घाव आपल्याच समुद्रावरचा. आज श्रीलंकेच्या दक्षिणेला मालवाहू जहाजांच्या धडका त्यांचा जीव घेतात.

व्हेल शार्कचं दुखणं वेगळं. गुजरातच्या किनाऱ्यावर तिच्या यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला चोपडत. २००१ मध्ये तिला कायद्याचं संरक्षण मिळालं. पुढे रामकथाकार मोरारी बापूंनी तिला माहेरी येणारी लेक म्हटलं, आणि तिला मारणारे हातच जाळी कापून तिला सोडू लागले.

हा फरक किनाऱ्यावर जिवाशी येतो. व्हेल शार्क पाण्याबाहेर श्वास घेऊ शकत नाही, तिला लगेच पाण्यात मोकळं करायला हवं. देवमासा हवेत श्वास घेतो, पण वाळूवर त्याचं स्वतःचं वजनच त्याला चिरडतं. त्याच्या नाकपुड्यांत पाणी-वाळू जाऊ देऊ नका, शेपटीला दोर बांधून ओढू नका. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला होता. लोकांनी खूप धडपड केली, तो वाचला नाही. जाळ्यातल्या व्हेल शार्कचं मात्र आपल्या हातात आहे: जाळं कापून तिला सोडताना फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा. फाटलेल्या जाळ्यापोटी राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं.