व्हिला देस्ते, तिवोली

इटलीत रोमपासून साधारण 30 किलोमीटरवर तिवोली नावाचं डोंगरावरचं गाव आहे, तिथली ही 16व्या शतकातली बाग. रेनेसान्स (युरोपातला प्रबोधनकाळ) काळातली बाग म्हणजे नेमकं काय हे एकाच ठिकाणी बघायचं असेल तर हीच बघावी. फुलं बघायला मात्र कोणी जाऊ नये, इथे सगळा खेळ उताराचा आणि पाण्याचा आहे.

बाग करवून घेतली कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्मगुरू) इप्पोलितो देस्ते (दुसरा) याने. हा पोपची मुलगी लुक्रेझिया बोर्जिया हिचा मुलगा, म्हणजे आजोबा पोप, आणि स्वतःलाही पोप व्हायचं होतं पण ते काही जमलं नाही. 1550 मध्ये तिवोलीचा गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली, राहायला मिळाला एक जुना मठ, मग त्याचाच महाल केला आणि खालच्या उतारावर बाग आखायचं काम पिर्रो लिगोरिओकडे दिलं. लिगोरिओ प्राचीन रोमन अवशेषांचा अभ्यासक, जवळच सम्राट हेड्रियनच्या महालाचे अवशेष होते, तिथे त्याने खोदकाम केलं आणि तिथला संगमरवर सरळ इकडे आणला. बागेच्या जागेवर लोकांची घरं होती ती पाडली, त्यावरून खटलेही झाले.

पाणी अनिएने नदीचं. गावाच्या खालून बोगदा खणून ते बागेच्या वरच्या टोकाला आणलं आणि तिथून पुढे नुसतं उतारावर सोडलं. पंप एकही नाही! पन्नासेक कारंजी आणि शेकडो तोट्या, सगळं वरून खाली येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालतं.

आखणी अगदी नेमकी आहे, मधून सरळ रेषेत उतरणारा मुख्य रस्ता आणि त्याला काटकोनात आडवे टप्पे. त्यातल्या एका आडव्या वाटेवर एका टोकाला अंडाकृती कारंजं म्हणजे तिवोलीचा धबधबा, दुसऱ्या टोकाला रोमेत्ता म्हणजे छोटंसं रोम, आणि दोघांना जोडणारी तीन पातळ्यांची शंभर कारंजी, थोडक्यात तिवोलीचं पाणी रोमला जातंय हे दगडात मांडलंय. आता त्यावर शेवाळ इतकं चढलंय की मूळ कोरीवकाम शोधावं लागतं, पण खरं सांगायचं तर तेच छान दिसतं.

पाण्यावर वाजणारा ऑर्गन (नळ्यांत हवा सोडून वाजणारं वाद्य) ही त्या काळातली मोठी करामत. पाणी जोरात पडताना हवा ओढून घेतं, ती हवा कोंडून नळ्यांत सोडतात. घुबडाचं कारंजं तर आणखी मजेशीर, यांत्रिक पक्षी गायचे, घुबड फिरून समोर आलं की गप्प व्हायचे, ते गेलं की पुन्हा सुरू. हेही पाण्यावरच.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आज आपण महालातून खाली उतरतो पण मूळ प्रवेश खालून होता. पाहुण्याने एकेक टप्पा चढत, मान वर करून कार्डिनलच्या महालाकडे यायचं अशी ती सगळी रचना, त्यामुळे आपण बाग उलटी बघतो. झाडांचंही तसंच, एतिएन द्युपेराक या फ्रेंच चित्रकाराने 1573 मध्ये छापलेल्या चित्रात बाग बरीच मोकळी, चौकोनी वाफ्यांची आणि मांडवांची दिसते, आजची दाट सावली नंतरची.

2001 पासून ही बाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि ऑर्गनच्या खाली ते सगळ्यात धो धो उसळणारं नेपच्यूनचं कारंजं आहे ना, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात, ते रेनेसान्सचं नाहीच, 1927 मधलं आहे.