फेब्रुवारीतली पानं, जुलैतला वास

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या कॉलनी रस्त्यांवर झाडांखाली पानांचे ढीग साचतात आणि सकाळी सकाळी त्यांना काडी लावली जाते. चार महिन्यांनी, ऐन जुलैत, त्याच कॉलन्यांतल्या सोसायट्यांच्या खतपेट्यांना वास सुटतो, माश्या होतात, तक्रारी येतात आणि पेट्या बंद पडतात. या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे. आवारातच कचरा जिरवण्याची योजना सगळे ओल्या कचऱ्याकडे बघून आखतात, पण ती अडते सुक्या पानांपाशी.

योजनेचं पहिलं काम वजनाचं. एक साधा ताणकाटा आणा आणि सलग सात दिवस, रविवार धरून, ओला, सुका आणि उरलेला कचरा वेगवेगळा मोजा. गणपतीत किंवा आंब्याच्या दिवसांत पुन्हा एकदा मोजा, कारण कोयी आणि साली आल्या की आकडा चांगलाच फुगतो. मोजणी होईपर्यंत हिशोबासाठी माणशी रोज ४०० ग्रॅम धरायला हरकत नाही. ६० फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे रोज ९६ किलो. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त, साधारण ५५ किलो, ओला. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं, आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारातल्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं सांगितलं. म्हणजे साठ-सत्तर फ्लॅटची कुठलीही सोसायटी १०० किलोंच्या रेषेच्या आसपासच असते. रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे काटाच सांगू शकतो.

आता पानांकडे. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. खत करणाऱ्या जिवाणूंना ओलावा लागतो, पण मिश्रणात ५० ते ६० टक्केच. त्याच्या वर गेला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि हवेविना जगणारे जिवाणू ताबा घेतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे, हायड्रोजन सल्फाइडचा. दुसरी अट कार्बन आणि नायट्रोजनच्या प्रमाणाची: २५ ते ३० भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन. भाजीपाल्याच्या कचऱ्यात हे प्रमाण १५च्या आसपास भरतं, वाळलेल्या पानांत ५०च्या आसपास. नायट्रोजन वरचढ झाला की तो अमोनिया होऊन उडतो आणि नाकाला झोंबतो. वास कुठला आहे हे ओळखता आलं तर उपायही कळतो. सडक्या अंड्याचा असेल तर ढीग उलटून हवा द्या, झोंबणारा असेल तर पानं वाढवा.

तीन किलो ओल्या कचऱ्याला एक किलो वाळलेली, चुरलेली पानं घेतली की दोन्ही अटी एकाच वेळी जवळपास पूर्ण होतात. ओलावा साठच्या किंचित खाली येतो, कार्बनचं प्रमाण पंचविशीला टेकतं. म्हणजे ५५ किलोला १८ किलो पानं, दररोज. पानं हलकी असल्यामुळे आकारमानाने ती कचऱ्याहून जास्तच दिसतात आणि काम करणाऱ्याला वाटतं, इतकी कशाला! मग मूठभर पानं वर भुरभुरवली जातात आणि बिघाड तिथूनच सुरू होतो.

पावसाळ्याच्या १२० दिवसांना १८ किलोंच्या हिशोबाने सव्वादोन टनांच्या घरात पानं लागतात. सैल साठवली तर त्यांना एक अख्खी खोली पुरणार नाही. म्हणून पानं चुरून, पोत्यांत दाबून, छपराखाली मार्चअखेरपर्यंत भरून ठेवायची. वड, पिंपळ, बदाम यांची जाड पानं चुरल्याशिवाय लवकर कुजत नाहीत. सोसायटीची झाडं कमी पडली तर शेजारच्या बागेशी, शाळेच्या मैदानाशी आधीच बोलून ठेवावं. उन्हाळ्यात रसवंतीवर उसाचं चिपाड मिळतं. ते दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून तोडलं की उत्तम चालतं. सुताराकडचा भुसाही चालतो, मात्र निव्वळ लाकडाचा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात चिकटवण्याची रसायनं असतात, तो खतात घालू नये. शिवाय खत चाळल्यावर वर उरलेला जाडाभरडा भाग टाकून न देता पुन्हा पेटीत घालायचा. त्याने पानांची गरज बरीच कमी होते आणि जिवाणूंचं विरजणही आपोआप लागतं. बाजारातली महागडी कल्चर पावडर मग विकत घ्यावी लागत नाही.

पेट्यांचा हिशोब असा: रोजचं मिश्रण ढिगात पडल्यावर काही दिवसांत निम्म्यावर बसतं, त्यामुळे साधारण एक घनमीटरची पेटी आठ-नऊ दिवसांत भरते. अशा सहा पेट्या असतील तर पहिली पुन्हा लागेपर्यंत सात आठवडे मिळतात. यापेक्षा लहान पेट्या घेऊ नयेत. ढीग लहान असला की आतली उष्णता बाहेर निसटते, आणि नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली थंडी लहान पेटीला तापूच देत नाही. चांगला लागलेला ढीग तिसऱ्या दिवशी ५५ ते ६० अंशांवर जातो. तिथे तो किमान तीन दिवस राहिला पाहिजे; रोगजंतू, माश्यांच्या अळ्या आणि तणाचं बी तेवढ्यात मरतं. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून रोज आकडा लिहा. तो ४५च्या खाली उतरला की ढीग उलटायचा. ओलावा बघायला मूठभर मिश्रण घट्ट दाबा: बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब निघाले तर ठीक, धार लागली तर पानं हवीत, काहीच न निघता मूठ उघडल्यावर भुगा झाला तर पाणी हवं.

बांधकामात दोनच गोष्टींवर खर्च करा. पेटीचा तळ जमिनीपासून वीतभर वर आणि जाळीचा असावा, म्हणजे खालून हवा येईल आणि निथळलेलं पाणी पन्हळीतून एका बादलीत जमेल. ते पाणी पातळ मिश्रणाच्या दिवशी परत ओतू नये. छप्पर चारही बाजूंनी दोन फूट पुढे हवं, नाहीतर जुलैतला वाऱ्याचा पाऊस आडवा आत येतो.

खत तयार झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. ओलसर खत पिशवीत तीन दिवस बंद करून ठेवावं. उघडल्यावर मातीचा वास आला तर झालं, आंबट आला तर अजून दोन आठवडे थांबा. कच्चं खत कुंडीत घातलं की मुळं करपतात आणि लोकांचा खतावरचा विश्वास उडतो. चाळणी चार मिलिमीटरची घ्यावी.

मिसळीच्या हॉटेलांचं आणि खानावळींचं गणित वेगळं आहे. त्यांच्या उष्ट्यात तेल, मीठ आणि शिजलेलं अन्न असतं. तेलाचा थर कणांवर बसून हवा अडवतो, म्हणून ते खतापेक्षा बायोगॅसला योग्य. नाशिकमध्ये विल्होळीला हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज करणारा प्रकल्प जर्मनीच्या सहकार्याने उभा राहिला, तो याच तत्त्वावर. स्वतःच्या आवारात लहान संयंत्र बसवायचं तर १०० किलो उष्ट्यातून रोज आठेक घनमीटर गॅस धरावा, म्हणजे साधारण चार किलो एलपीजीइतकं इंधन. संयंत्र बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लग्नसराईत एकदम दुप्पट माल ओतणं. आम्ल तयार करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेन करणारे सावकाश. सामू (पीएच) ६.५च्या खाली गेला की मिथेन थांबतो आणि ज्योत विझते. अशा वेळी भरणा काही दिवस बंद ठेवून थोडं चुन्याचं पाणी द्यायचं. लिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, हाडं आणि अंड्याची कवचं मुळातच बाजूला काढावीत. थंडीत भरणा कमी ठेवावा. मिथेनचे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास खूश असतात. तळणाचं तेल मात्र यात नाही आणि गटारातही नाही. त्यातले ध्रुवीय घटक, म्हणजे पुन्हा पुन्हा तळून तेल बिघडताना तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांवर गेले की ते पुन्हा वापरायला २०१८पासून मनाई आहे. ते साठवून बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना द्यावं.

सुक्या कचऱ्यात किंमत ठरते ती स्वच्छतेवर. दुधाच्या पिशवीचंच बघा. कोपरा कापून वेगळा केला की तो नखाएवढा तुकडा कुठल्याच चाळणीत, कुठल्याच हातात सापडत नाही, तो थेट मातीत जातो. कापताना तो पिशवीला लटकता ठेवला आणि पिशवी विसळून पालथी वाळवली, तर भंगारवाला आनंदाने घेतो. न धुतलेली पिशवी दोन दिवसांत नासते आणि सोबतच्या कागदालाही निकामी करते. वेफर-बिस्किटांच्या चकाकत्या वेष्टनांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात; ते सुटत नाहीत, म्हणून त्यांचा पुनर्वापर होत नाही आणि सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाणं एवढाच मार्ग उरतो. तिथेही ओलं वेष्टन नको, कारण एक किलो पाणी उडवायला सहाशेहून जास्त किलोकॅलरी खर्ची पडतात. अशा मालाची खरेदीच कमी करणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून, खूण करून स्वतंत्र द्यावेत. ते उघड्या हातांनी वेगळे करायची वेळ कुणावरही येऊ नये. ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं आणि बॅटऱ्या यांच्यासाठी जिन्याखाली एक झाकणाचा डबा पुरतो, फक्त लिथियमच्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. दाबल्या गेल्या की त्या गाडीतल्या कागदासकट पेट घेतात.

दुकानांची अडचण वेळेची आहे. घंटागाडी सकाळी येते आणि मेन रोड, शालिमार, सराफ बाजाराची शटरं त्यानंतर उघडतात. दिवसभराचे खोके, पेले, पॅकिंग रात्री बाहेर पडतं आणि सकाळपर्यंत गाई-कुत्र्यांनी पसरलेलं असतं. अशा जागी दंडाचा फलक लावून फारसं साधत नाही. गल्लीतल्या दुकानदारांनी मिळून संध्याकाळची एक फेरी ठरवली पाहिजे. खोक्यांना भाव असतो, त्यामुळे त्या फेरीचा काही खर्च तरी पुठ्ठ्यातूनच निघतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी कॅन्टीनचा कचरा आणि तेलकट चिंध्या कधीच एका पिंपात टाकू नयेत. चिंध्या घातक कचऱ्यात मोडतात, आणि एक चिंधी अख्ख्या पिंपाचं खत बाद करते.

गोदाकाठच्या निर्माल्याचं खत झेंडूमुळे झकास होतं. अट एवढीच, की हाराचा दोरा, जरीची पट्टी आणि प्लास्टिकची पिशवी आधी काढायला हवी. दोरा यंत्राच्या पात्यांना गुंडाळून यंत्र थांबवतो, म्हणून हार कलशात टाकण्याआधीच सोडवायचा. २०२७च्या सिंहस्थात भंडाऱ्यांची रांग लागेल. परवाना नसलेल्या जागी होणाऱ्या, शंभरांहून जास्त माणसांच्या कार्यक्रमाची माहिती तीन कामकाजाचे दिवस आधी महापालिकेला द्यायची, असं २०१६च्या नियमांनी सांगितलं होतं. आयोजकांनी अशी माहिती देतानाच पत्रावळी कुठल्या, उष्ट्याचे डबे किती आणि ते उचलणार कोण, हे तीन आकडे-नावं लिहून दिली तर काम अर्धं हलकं होतं. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो ओल्यात जात नाही. स्टीलचे पेले आणि धुवायला दोन माणसं, हे तिथे जास्त सोयीचं.

आणखी एक गोष्ट सोसायट्यांच्या लक्षात उशिरा येते, ती खताच्या साठ्याची. ५५ किलोंतून रोज दहा-पंधरा किलो चाळलेलं खत निघालं तर वर्षाला चार-पाच टन होतं, आणि कुंड्यांना एवढं कधीच लागत नाही. म्हणून पेट्या बांधण्याआधीच एखादी रोपवाटिका किंवा द्राक्षबागायतदार ठरवून ठेवावा. त्याची पहिली अट काचेचे तुकडे आणि प्लास्टिक नसण्याची असते. ती पाळायची तर ओला कचरा उचलणाऱ्याने प्रत्येक घराचा डबा तिथल्या तिथे उघडून बघावा, आणि मिसळलेला असेल तर दारातच परत द्यावा.